सहा नंबरचा दिवा

सोमवार, २ जून

पाच वर्षं न वाजलेली धोक्याची घंटा चांगली आहे की बिघडलेली, हे कसं ओळखायचं? मुलाखतीत कारखान्याचे मॅनेजर एस्कालेर सरांनी मला हे विचारलं. दर आठवड्याला वाजवून बघायची, असं मी म्हणाले. ते हसले. चाचणीत वाजेल हो, खऱ्या वेळी वाजेल का ते सांगा, म्हणाले. तरीही नोकरी मिळाली, आणि आज पहिला दिवस होता!

ट्यूना माशाचे डबे भरणाऱ्या या कारखान्यात आई बावीस वर्षं मासे सोलते आहे. सकाळी तिच्याबरोबरच फाटकातून आत शिरले. फरक एवढाच, की तिच्या पायात रबरी बूट होते आणि माझ्या गळ्यात ओळखपत्र. पहारेकरी तिला मनांग, म्हणजे ताई म्हणतो. त्याने विचारलं, मनांग तासिंग, आज साहेबीण घेऊन आलात की काय? आई म्हणाली, साहेबीण असेल तुझ्या घरी. ही माझी मारिचू. हिला इंजिनियर म्हणायचं, नाहीतर तुझ्या भातात माशाची आतडी मिसळीन. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, त्यामुळे आई हा शब्द जरा मोठ्यानेच म्हणते.

माझं काम धोक्याच्या घंटेचं पॅनेल सांभाळायचं. त्याला स्वतंत्र खोली आहे. माणसाच्या उंचीचं राखाडी लोखंडी कपाट, दारावर एका रांगेत आठ लाल दिवे. प्रत्येक दिव्याची एक तार कारखान्याच्या एका भागात जाते. एक म्हणजे ही खोलीच. दोन ऑफिस, तीन बर्फाचा विभाग (अमोनियाचे पाइप तिथे आहेत), चार गोठलेला मासा कापायची करवत, पाच वाफेच्या टाक्या, सहा आईची सोलायची टेबलं, सात डबाबंदी, आठ खोक्यांचं गोदाम. कुठे धूर झाला, वायू सुटला किंवा कोणी काच फोडून बटण दाबलं, की तिथला दिवा लागतो आणि सगळीकडे घंटा वाजते.

एकतीस वर्षं हे पॅनेल मनोंग पोन्सो सांभाळतायत; मनोंग म्हणजे आमच्यात दादा. मला बघून म्हणाले, चला, इंजिनियर आली, आता मला म्हातारं व्हायला हरकत नाही.

मंगळवार, ३ जून

दर मंगळवारी सकाळी दहाला चाचणी. मनोंग पॅनेलपाशी उभे राहिले आणि मी एकेका विभागात जाऊन किल्लीने बटण फिरवलं. आठही दिवे बरोबर लागले. नंतर रिलेचे कॉन्टॅक्ट पुसले, फ्यूज तपासले, बॅटरीचं पाणी आणि व्होल्टेज पाहिलं. सगळं वहीत लिहून सही केली. माझी पहिली सही.

मंगळवारची दहाची घंटा म्हणजे खोटी, हे सगळ्यांना पाठ आहे. कोणी जागचं हलत नाही. सोलायच्या टेबलांवरच्या चाळीस बायका तर घंटेच्या तालावर पत्र्यावर सुऱ्या आपटतात, अगदी लग्नातल्या बँडसारख्या. आई नेहमी अर्धा ठोका मागे असते. तिच्या शेजारची पिलांग ओरडून म्हणाली, तासिंग, लेक इंजिनियर झाली तरी तुझा ताल काही सुधारत नाही!

गुरुवार, ५ जून

सोमवारी तपासणीवाले येणार, म्हणून मी आज पॅनेलचं कपाट घासून स्वच्छ केलं. दिव्यांच्या वरून खालपर्यंत तपकिरी ओघळ सुकलेले होते. थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन दोन तास घासलं, मग राखाडी रंगाचा हात दिला. छान दिसतं आहे.

तो गंज आहे असं मला वाटलं, असं मी लिहिणार नाही. मला कळलं होतं. नवं घर, नवी बोट, नवं मशीन, पांढऱ्या कोंबड्याचं रक्त सांडल्याशिवाय इथे काहीच सुरू होत नाही. पदुगो म्हणतात त्याला. कोंबड्याचं घे, माणसाचं मागू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. बाबांच्या बोटीच्या पुढच्या टोकावर होतं, आमच्या घराच्या चारही खांबांखाली आहे. पण तिथे आम्ही राहतो. इथे आठशे माणसांचा जीव आहे, आणि तो कोंबड्याच्या नव्हे, तपासणीच्या भरवशावर असावा असं मला वाटतं.

मनोंग आले आणि दारातच थांबले. ओघळ पुसलेलं फडकं कुठे आहे विचारलं. कचऱ्याबरोबर जाळलं, म्हटल्यावर खाली बसले. मग म्हणाले, दुसरा कोंबडा आणतो. मी म्हणाले, मनोंग, मी दर आठवड्याला नीट तपासेन ना, तेवढं पुरे. ते म्हणाले, बरं, इंजिनियर. ‘इंजिनियर’ हा शब्द त्यांनी इतका कोरडा पहिल्यांदाच उच्चारला.

मंगळवार, १० जून

चाचणी व्यवस्थित झाली. फक्त चार नंबरचा दिवा विझला नाही. घंटा बंद, दिवा चालू. रीसेट करून पाहिलं. मल्टिमीटर लावून तार तपासली, कुठेही शॉर्ट नाही. रिले बदलला. दिवा तसाच. मी वहीत ‘चार नंबर, किरकोळ बिघाड’ असं लिहिलं.

अकरा वीसला करवतीवर रुएलचा हात गेला. हातमोजा अडकला म्हणतात. कोणी स्विच दाबेपर्यंत करवत कोपरापर्यंत पोचली होती. मी धावत गेले तेव्हा माशाच्या गोठलेल्या तुकड्यांमध्ये तो हात पडला होता आणि मनगटावरचं घड्याळ चालू होतं. बर्फावर गरम रक्त पडलं की वाफ निघते, हे मला माहीत नव्हतं. रुएल ओरडत नव्हता. दुसऱ्या हाताने तो तुकडे बाजूला करत होता, आपलं काही हरवल्यासारखा.

परत आले तर दिवा विझलेला होता.

बुधवार, ११ जून

योगायोग. अहवालात तसंच लिहिलं. हातमोज्यांबद्दल तीन सूचना केल्या. आईने रात्री माझ्यासाठी माशाचा जबडा भाजला होता, पण मला खाववेना.

गुरुवार, १२ जून

आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. कारखाना रिकामा, फक्त बर्फाच्या विभागाची घरघर. मनोंग पांढरा कोंबडा काखेत घेऊन आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, हिला दोन तास घेऊन जातो. मी नाही म्हटलं नाही.

पॅनेलसमोर त्यांनी कोंबड्याची मान धरली, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि सुरी फिरवली. मी रंगवलेल्या दारावरून रक्त खाली ओघळलं. रीत अशी की तो कोंबडा तिथेच शिजवून खायचा, म्हणून अंगणात कच्ची पपई घालून रस्सा केला. मनोंग तब्बल आठवड्यानंतर हसले. म्हणाले, कॉलेजात हे शिकवत नाहीत ना? मग चार वर्षं केलं काय?

पातेलं अजून उकळत होतं. मी ताटल्या आणायला आत गेले तर पाच नंबरचा दिवा लागला होता.

मनोंगांनी डाव खाली ठेवला. मग म्हणाले, माणसाचं चाखलं आता त्याने. कोंबड्याला हात लावणार नाही.

रस्सा आम्ही ओतून दिला. कुत्र्यानेही तोंड लावलं नाही.

शुक्रवार, १३ जून

दिवा लागलेलाच आहे. बल्ब काढला, तर रिकाम्या खोबणीत उजेड दिसतोय. मुख्य स्विच बंद केला, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या. तरी लाल.

एस्कालेर सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, धूर आहे? नाही. आग? नाही. मग एका दिव्यासाठी सगळ्या टाक्या बंद करू? बल्ब बदला, इंजिनियर.

मी तारा परत जोडल्या, बाहेर गेले आणि लाल बटणाची काच फोडली.

मंगळवार नव्हता, म्हणून सगळे बाहेर आले. चाळीस मिनिटं उन्हात. सरांनी सगळ्यांदेखत मला दिव्यांची डॉक्टरीण म्हटलं, टाक्यांमधला माल वाया गेला म्हणून शिव्या घातल्या आणि माणसं परत आत पाठवली. पुन्हा एकदा खोटी घंटा वाजली तर मी आणि आई दोघीही घरी, असं बजावलं.

टाक्यांवर काम करणाऱ्या बर्नाबेने टाकीचं दार उघडलं तेव्हा दाबाचा काटा शून्यावर होता. मी शेजारीच उभी होते. मी स्वतः पाहिला. दार त्याच्या अंगावर आलं आणि मागून वाफ. किंचाळी अर्धीच ऐकू आली. त्याला ओढायला मी दंड धरला तर बाहीबरोबर कातडीही माझ्या हातात आली. लांब, ओली, हातमोज्यासारखी.

संध्याकाळी तो गेला.

दिवा विझला आहे. सर म्हणतात, तुम्ही टाक्या मध्येच थांबवल्या म्हणून हे झालं. असेलही. मला खरंच माहीत नाही.

सोमवार, १६ जून

तीन रात्री झोप नाही. आज पॅनेलमधल्या आठही तारा काढल्या, टोकं घासली, पुन्हा बसवल्या. कुठेतरी दोष असणारच. यंत्रात दोष असतो आणि दोष सापडतो. मी हेच शिकले आहे.

मंगळवार, १७ जून

सकाळी नऊला आठ नंबर लागला. खोक्यांचं गोदाम.

सरांनी बजावल्यामुळे बटण दाबता येत नव्हतं, म्हणून मी स्वतः धावत गेले. गोदामात पाचच माणसं होती. त्यांना हाताला धरधरून बाहेर काढलं आणि बर्फाच्या विभागामागे बदामाच्या झाडाखाली, सावलीत नेऊन बसवलं. त्यातला इस्को म्हणाला, इंजिनियर, रोज अशीच सुट्टी देत जा. लुमिंगने मला अर्धा पाव दिला. मला रडू आलं. वाटलं, एकदा तरी वेळेवर पोचले.

मग भिंतीतला अमोनियाचा पाइप फुटला.

पांढरा ढग. मी वाऱ्याच्या बाजूला होते. तिघं धावत सुटले. इस्को स्वतःचे डोळे नखांनी ओरबाडत होता. लुमिंगच्या तोंडातून फेस, मग रक्त. पाव तिच्या मुठीतच होता.

संध्याकाळी मी पॅनेल उघडलं. तीन आणि आठ या दोन तारा मी काल अदलाबदल करून बसवल्या होत्या. आठच्या दिव्याची तार बर्फाच्या विभागात जात होती.

मी त्यांना तिथे नेलं. माझ्या हातांनी.

गुरुवार, १९ जून

मनोंगांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे त्याला जागा दिसत नाही, पोरी. त्याला फक्त तार कळते. तारेच्या टोकाला जे असेल ते ओढतो.

मग पक्कड उचलून त्यांनी दोन नंबरच्या तारेवर हलकेच टेकवली. ऑफिसची तार. अर्थ सरळ होता: पुढचा दिवा कुठलाही लागो, ही तार तिथे बसवली की झालं. मलाही कळलं. आणि क्षणभर, खरं लिहिते, मला ते आवडलं.

एस्कालेर सरांच्या टेबलावर त्यांच्या धाकट्या मुलीचा दात पडलेला फोटो आहे. शिवाय तिथे टायपिस्ट बसते, चहावाली येते.

मी पक्कड काढून घेतली. मनोंग म्हणाले, तू चांगली आहेस, पण हे पॅनेल चांगलं नाही.

शनिवार, २१ जून

सहा.

सहा नंबर लागला आहे. आईची टेबलं.

तार काढून लोंबती ठेवली. तासाभरात पाच आणि सातही लागले. परत जोडली, ते दोन विझले. रिकामं टोक चालत नाही त्याला. कोणीतरी हवंच —

रविवार, २२ जून

कारखाना बंद. आईला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, तुझ्या बाबांच्या बोटीवरचं रक्त मी कधी पुसलं नव्हतं.

उद्यापासून घरी थांब, म्हणून पाय धरले. तिने विचारलं, आणि माझ्या जागेवर कोण बसेल? पिलांगची सून उद्यापासून बदलीवर कामाला लागते आहे, सातवा महिना आहे तिला, नेमकी तीच बसेल. मी इथे भात शिजवत बसू आणि संध्याकाळी पिलांगला तोंड दाखवू? मग माझे केस विंचरले, लहानपणी विंचरायची तसे. माशाच्या वासाचे हात. म्हणाली, तू इंजिनियर ना? मग कर काहीतरी.

सोमवार, २३ जून

दिवसभर टेबलांजवळ उभी राहिले. चाळीस सुऱ्या. प्रत्येक सुरी कोणाच्या ना कोणाच्या गळ्याजवळून जाते, हे आधी कधी दिसलंच नव्हतं. वरच्या रुळावरून माशांच्या टोपल्या — लोखंडी आकडे —

पुन्हा सरांकडे गेले. डब्यांचं जहाज गुरुवारी सुटतं, काम थांबणार नाही. बाहेर व्हा, म्हणाले.

काही झालं नाही. दिवा तसाच. वाट बघतो आहे. आधीही बघायचा, कधी दोन तास, कधी एक दिवस. एवढे दिवस कधीच नाही.

भूक वाढत असेल तर —

मंगळवार, २४ जून

नऊ वीस. दिवा लुकलुकायला लागला. असं आधी कधी झालं नव्हतं.

नऊ पस्तीस. मनोंगांना टेबलांकडे पाठवलं. आज बटण मी इथूनच फिरवते, तुम्ही फक्त उभे राहून सुऱ्या मोजा, म्हटलं. चाळीस भरतात का बघा. ते दारात थांबले. माझ्या हातातल्या पक्कडीकडे पाहिलं. कोणती तार, असं विचारलं. चाचणीची, म्हणाले मी. मोठ्या माणसाशी खोटं बोलायची माझी पहिली वेळ.

ते गेले.

नऊ पन्नास. झालं. सहाची तार काढली, टोकाला टेप गुंडाळला. तिच्या जागी एक नंबरची बसवली. एक म्हणजे ही खोली. स्क्रू दोनदा आवळला. ओढून पाहिली. पक्की आहे. या वेळी अदलाबदल चुकून नाही.

पाच आणि सात लागले नाहीत. म्हणजे त्याला चालतं आहे.

खोलीची कडी आतून लावली. कोणी मदतीला यायला नको.

कपाट गरम लागतं आहे. माझा नवा रंग फुगून सोलला जातोय, खालून तपकिरी — मी तर सगळं घासलं होतं —

दहा. घंटा वाजवली.

सुऱ्या वाजतायत. पत्र्यावर. एवढ्या लांबूनही — एक सुरी अर्धा ठोका मागे. आहे. आई आहे.

लुकलुकणं थांबलं. स्थिर झाला.

कोणीतरी दार ठोठावतंय. मनोंग. ओरडतायत, चाळीस, इंजिनियर, चाळीस भरल्या, उघड —

कडी नाही काढणार. तार लावून झाली आहे. आता कपाटाचं दार आतून हळूच